कोंबडखतापासून वीज मिळते, पण त्यातली अँटिबायोटिक्स जातात का?

कोंबड्यांना दिलेल्या अँटिबायोटिकचा बराचसा भाग विष्ठेतून जसाच्या तसा बाहेर पडतो. कच्चे कोंबडखत शेतात टाकले की तो माती-पाण्यात मिसळतो आणि तिथले जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात. असे जिवाणू माणसापर्यंत पोहोचले, तर आजारपणात तेच औषध आपल्यावर चालत नाही. याच भीतीने भारताने २०१९ मध्ये कोंबड्या व जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली.

मग या खताचे करायचे काय? मार्ग दोन आहेत.

जाळून वीज: इंग्लंडमधील सफोक परगण्यात, आय या गावी १९९२ मध्ये कोंबडखतावर चालणारे वीजकेंद्र सुरू झाले. भट्टीच्या उष्णतेत औषधे आणि जिवाणू दोन्ही नष्ट होतात. राखेत स्फुरद व पालाश उरते, नत्र मात्र उडून जाते.

बायोगॅस: हवाबंद टाकीत विष्ठा कुजून मिथेन तयार होतो आणि नत्र स्लरीत टिकते. पण या विष्ठेत नत्र जास्त असल्याने अमोनिया वाढतो व गॅस कमी होतो. म्हणून त्यात शेण किंवा पिकांचे अवशेष मिसळतात. टाकीत काही औषधे मोडतात. एन्रोफ्लॉक्सासिनसारखी चिवट औषधे मात्र मागे उरू शकतात. टाकीचे तापमान ५० ते ५५ अंश सेल्सिअस ठेवल्यास रोगजंतू जास्त मरतात. नंतर स्लरीचे कंपोस्ट केल्यास उरलेली औषधे आणखी घटतात.

थोडक्यात, बायोगॅस प्रकल्प म्हणजे औषधांची पूर्ण गाळणी नव्हे. खरी सुरुवात शेडमध्येच होते: पशुवैद्यकाने सांगितल्याशिवाय कोंबड्यांना अँटिबायोटिक नको.