हलक्या हाताची गोष्ट



गटाच्या बैठकीत हप्ते गोळा होण्याआधी कंबरेचा विषय निघतोच. खुरपणी, लावणी, डोक्यावरचे हंडे. कुणाची पाठ धरलेली, कुणाची मान. मग एखादी सांगते, अमक्या गावात एक जण आहे, नुसता हात लावतो आणि दुखणं जातं. अशाच एका हाताची खरी गोष्ट आज सांगते. ती आहे ऑस्ट्रेलियातली.

टॉम बोवेन यांचा जन्म १९१६ चा. जिलाँग शहरात ते सिमेंट कारखान्यात कामाला होते. डॉक्टरकीचं शिक्षण नव्हतं. पण दुखऱ्या पाठीवर, मानेवर ते अंगठ्याने आणि बोटांनी स्नायू अलगद सरकवत. जोराची मालिश नाही, हाडं मोडणं नाही. थोडं सरकवायचं, मग काही मिनिटं थांबायचं, पुन्हा थोडं. लोकांना बरं वाटू लागलं, गर्दी वाढली. १९७५ साली तिथल्या सरकारी चौकशी समितीच्या अहवालात नोंद झाली, की ते वर्षाला सुमारे १३,००० वेळा उपचार करतात. सुट्ट्या सोडल्या तर दिवसाला चाळीसच्या वर!

तरी सरकारदरबारी त्यांना नोंदणी मिळाली नाही. १९८२ मध्ये ते वारले. त्यांचं काम जवळून पाहिलेल्या लोकांनी पुढे वर्ग सुरू केले आणि 'बोवेन थेरपी' अनेक देशांत पोचली.

आता गोष्टीचा दुसरा भाग. ऑस्ट्रेलिया सरकारने अशा अनेक पद्धतींचे पुरावे तपासले. २०१५ च्या अहवालात बोवेन थेरपीचा गुण येतो असा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. १ एप्रिल २०१९ पासून खाजगी आरोग्य विम्यातून तिचा खर्च मिळणं बंद झालं.

मग त्या हजारो लोकांना बरं वाटलं ते खोटं का? नाही. पाठदुखी पुष्कळदा आपोआप उतरते. पडून विश्रांती मिळते, कुणी मायेने हात लावतं, आपलं ऐकून घेतं, त्यानेही दुखणं हलकं होतं. पण बरं वाटणं वेगळं आणि आजार जाणं वेगळं.

म्हणून बायांनो, सासूबाईंनी नाहीतर जावेने हलक्या हाताने पाठ चोळून दिली तर जरूर घ्या. मात्र त्यासाठी कुणी हजारो रुपये मागितले, डॉक्टरांची गोळी बंद करा म्हणालं, तर उठून या. पायाला बधिरपणा आला, लघवीवर ताबा राहिला नाही, ताप आला, वजन घटू लागलं, तर घरी चोळत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि एक काम करा. पुढच्या बैठकीत विचारा, आपल्यातली कोण किती महिन्यांपासून दुखणं अंगावर काढते आहे. तिला एकटीला पाठवू नका, सोबत जा.