श्यामा कविरत्ने व 'सेंट ज्यूड इंडिया': कर्करुग्ण बालकांसाठी मुंबईतील छत

प्रेषित संत ज्यूड ह्यांचा सण आपण दरवर्षी २८ ऑक्टोबर रोजी प्रेषित संत सायमन ह्यांच्या सणासोबत साजरा करतो. जेथे सारे मानवी उपाय खुंटले असे वाटते, तेथे ह्या संताची मध्यस्थी मागण्याची भाविकांची जुनी परंपरा आहे. ह्याच संताचे नाव धारण करून २००६ साली मुंबईत एक सेवाकार्य सुरू झाले. श्रीमती श्यामा कविरत्ने व त्यांचे पती श्री. निहाल कविरत्ने ह्यांनी स्थापन केलेल्या 'सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स' ह्या संस्थेचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत. ही संस्था ख्रिस्तसभेची नव्हे. तिचे दार सर्व धर्मांच्या व जातींच्या बालकांना उघडे आहे.

देवबागहून परळपर्यंत

मालवण तालुक्यातील देवबाग हे गाव एका बाजूस अरबी समुद्र व दुसऱ्या बाजूस कर्ली नदी, अशा वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावर वसले आहे. मासेमारी व अलीकडे पर्यटन ह्यांवर येथील घरे चालतात. अशा घरातील मुलास रक्ताचा कर्करोग झाला, तर अनेकदा मुंबईची वाट धरावी लागते. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. आज देशभरातून कर्करुग्ण तेथे येतात. देवबागपासून हे अंतर सुमारे ५०० किलोमीटर आहे.

लहान मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. त्यांतील पहिले काही महिने अत्यंत नाजूक असतात. औषधांमुळे मुलाची प्रतिकारशक्ती क्षीण होते आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. मूल प्रत्येक दिवशी रुग्णालयात दाखल नसते. परंतु त्याला रुग्णालयाजवळच राहावे लागते. मुंबईतील भाड्याची खोली गरीब कुटुंबास परवडत नाही. वडील सोबत राहिले, तर होडी किनाऱ्यावर पडून राहते आणि घरची मिळकत थांबते. मग काही कुटुंबे पदपथावर दिवस काढतात, तर काही उपचार अर्धवट टाकून गावी परततात. औषध उपलब्ध असूनही मूल दगावते, ते अनेकदा ह्या कारणाने.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात दरवर्षी १९ वर्षांपर्यंतच्या सुमारे ४ लाख मुलामुलींना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात; अनेक गरीब देशांत मात्र ३० टक्क्यांहून कमी. उशिरा झालेले निदान व अर्धवट सोडलेले उपचार ही ह्या तफावतीची मोठी कारणे होत. २०३० सालापर्यंत जगभरात किमान ६० टक्के मुले वाचावीत, असे उद्दिष्ट ह्या संघटनेने २०१८ साली ठरविले.

कार्याचा आरंभ व पद्धत

टाटा रुग्णालयाबाहेर पदपथावर राहणारी कुटुंबे कविरत्ने दांपत्याने पाहिली. औषधोपचाराची सोय रुग्णालयात होती. उणीव होती ती सुरक्षित निवाऱ्याची. ती भरून काढण्यासाठी त्यांनी लोअर परळ येथे आठ कुटुंबांच्या निवासाने आरंभ केला. पुढे हे कार्य मुंबईबाहेर दिल्ली, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद अशा अन्य शहरांतही पसरले.

येथे प्रत्येक कुटुंबास स्वतंत्र जागा मिळते व त्यासाठी पैसे घेतले जात नाहीत. शिधा संस्था पुरविते आणि सामाईक स्वयंपाकघरात आई आपल्या मुलासाठी स्वतः अन्न शिजविते. स्वच्छतेचे नियम काटेकोर असतात. रुग्णालयात जाण्यायेण्याची सोय, मुलांचे शिक्षण आणि आईवडिलांचे समुपदेशन हेही कार्याचे भाग आहेत.

आहाराच्या क्षेत्रात श्रीमती पूर्णोता दत्ता बहल ह्यांचे कार्य उल्लेखनीय आहे. त्यांनी २०१३ साली मुंबईत 'कडल्स फाउंडेशन' स्थापन केले. ही संस्था रुग्णालयांत आहारतज्ज्ञ नेमून कर्करुग्ण बालकांच्या पोषणाकडे लक्ष देते. कुपोषित मुलास औषधांचा मारा सोसत नाही आणि उपचारांत खंड पडतो. म्हणून आहार हाही उपचाराचाच भाग मानावयास हवा.

आपल्या कुटुंबांनी काय करावे?

दीर्घकाळ न उतरणारा ताप, वाढता फिकटपणा, अंगावर विनाकारण उठणारे काळेनिळे डाग, न दुखणारी गाठ, हाडांतील सततची वेदना, सकाळी उलटीसह होणारी डोकेदुखी, डोळ्याच्या बाहुलीत दिसणारी पांढरी चमक, ह्यांपैकी काही आढळल्यास मुलास विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. अशी लक्षणे पुष्कळदा साध्या आजाराचीही असतात. तरीही तपासणी टाळू नये.

कर्करोगाचे निदान झाल्यास रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकास प्रथम भेटावे. 'सेंट ज्यूड'सारख्या निवासात प्रवेश रुग्णालयाच्या शिफारशीने मिळतो. म्हणून राहण्याची अडचण संकोच न करता पहिल्याच दिवशी सांगावी. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेविषयीही तेथेच विचारावे. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णास रेल्वेच्या स्लीपर व थ्री-टायर वातानुकूलित वर्गात भाड्याची पूर्ण सवलत असून सोबतच्या एका व्यक्तीस ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते.

धर्मग्रामाचे कर्तव्य

मुंबईत छत मिळाले, तरी गावातील चूल पेटती राहावी लागते. घरी राहिलेल्या भावंडांचे जेवण, त्यांची शाळा, वृद्ध आजीआजोबांची औषधे हा भार शेजाऱ्यांनी व धर्मग्रामाने वाटून घेतला, तर आईवडील उपचार पुरे होईपर्यंत मुलापाशी थांबू शकतील. तेव्हा आपल्या वाडीतील एखादे कुटुंब अशा आजाराने मुंबईस गेले असेल, तर त्याच्यासाठी प्रार्थना करावीच. परंतु त्याच्या घरी जाऊन काय हवे-नको तेही विचारावे, अशी आमची सर्व भाविकांना नम्र विनंती आहे.