डायोडवरचा काळा पट्टा : दिशा ठरवली कोणी?

१/९
अलीकडेच मी हाताने सोल्डर करून एक मेकॅनिकल कळफलक बांधला. ६८ कळा, ६८ डायोड. संगणकाला जोडल्यावर ६७ कळा उमटल्या, एक मात्र मुकी राहिली. इनस्क्रिप्ट मांडणीत ल आणि ळ याच कळेवर असतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ‘काळ’ हा शब्दच लिहिता येईना! कारण एवढेच, की तिचा डायोड उलटा बसला होता.

२/९
मुळात डायोड हवाच कशाला? प्रत्येक कळेला स्वतंत्र तार दिली तर चिपला ६८ जोडण्या लागतील. म्हणून कळा ५ आडव्या ओळी व १४ उभ्या स्तंभांच्या जाळीत गुंफतात. मग १९ जोडण्या पुरतात. परंतु चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरील कळा एकदम दाबल्यास वीज आडवाटेने उलटी फिरते आणि न दाबलेली चौथी कळही दाबल्याचा भास होतो. डायोड ही उलटी वाट बंद करतो.

३/९
वीज एकाच दिशेने जाऊ देण्याचा हा गुण जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड ब्राउन यांना १८७४ साली धातूंच्या सल्फाइड खनिजांत आढळला. पुढे कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी गॅलिना या शिशाच्या खनिजाने विद्युतलहरी टिपल्या. त्या शोधकाला १९०४ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. कळफलकातला काचेचा इवलासा डायोड याच कुळातला.

४/९
पण ‘सुलट’ आणि ‘उलट’ ठरवले कोणी? १७४७ च्या सुमारास फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन यांनी वीज हा एकच द्रव मानला. तो अधिक असेल ती वस्तू धन, उणा असेल ती ऋण. घासलेल्या काचेला त्यांनी धन म्हटले. पडताळणीचे साधन तेव्हा नव्हते. तो एक अंदाज होता.

५/९
१८३४ साली मायकेल फॅरडे यांनी विल्यम ह्यूएल यांच्या सल्ल्याने ‘अ‍ॅनोड’ आणि ‘कॅथोड’ ही नावे रूढ केली. ग्रीक मुळानुसार एक चढती वाट, दुसरी उतरती. जणू सूर्याचा उदय आणि अस्त. उद्या प्रवाहाची कल्पना बदलली तरी नावे टिकावीत, हा हेतू. डायोडवरचा पट्टा कॅथोडची बाजू दाखवतो.

६/९
ती कल्पना खरोखर बदलली. १८९७ साली जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला आणि तो ऋणभारित निघाला! तारेतले कण ऋणाकडून धनाकडे जातात. डायोडच्या चिन्हातला बाण आजही त्यांच्या विरुद्ध रोखलेला आहे. तरीही यंत्रे बिनचूक चालतात, कारण सर्वांनी एकच संकेत पाळला.

७/९
कळफलकातही हाच न्याय. पट्टे ओळींच्या बाजूला असतील, तर फर्मवेअरमध्ये दिशा ‘स्तंभाकडून ओळीकडे’ अशी नोंदवतात. सगळे ६८ डायोड उलटे बसले असते, तर ही एक नोंद बदलून भागले असते. माझा एकच उलटा होता. त्याच्यासाठी नोंद बदलली असती, तर उरलेल्या ६७ कळा मुक्या झाल्या असत्या.

८/९
इतिहासातही असेच घडते. शिवराज्याभिषेक शके १५९६ मध्ये झाला म्हणा किंवा इ.स. १६७४ मध्ये, दोन्ही खरे. मात्र शकाचा आकडा इसवी सन समजून वाचला, तर महाराजांच्या जन्माआधीच राज्याभिषेक उरकतो! दोष कालगणनेचा नसतो, सरमिसळीचा असतो.

९/९
म्हणून सोल्डरचा पहिला थेंब पडण्यापूर्वी सर्व डायोड मांडून पट्टे एकाच बाजूला आहेत ना, ते पाहा. शंका आल्यास मल्टिमीटर डायोड-चाचणीवर ठेवा : काळे टोक पट्ट्याकडे, लाल दुसरीकडे. सिलिकॉनचा डायोड सुमारे ०.६ व्होल्ट दाखवील. टोके उलटी लावल्यास वाट बंद. मी तो एक डायोड काढून फिरवून बसवला. या धाग्यातला प्रत्येक ‘काळ’ त्याच कळेने लिहिला आहे.