माने, उदयन
माने, उदयन : (१९९१–    ). पुण्याचे भारतीय व्यावसायिक गोल्फपटू व टोकियो ऑलिंपिकमधील भारताचे प्रतिनिधी. हौशी गटात नावलौकिक मिळवून २०१५ मध्ये त्यांनी व्यावसायिक क्षेत्रात पदार्पण केले. चार दिवसांत बहात्तर छिद्रे न्यूनतम फटक्यांत पुरी करणारा विजयी, या रिवाजाने चालणाऱ्या भारतीय व्यावसायिक मालिकेत (पहा : गोल्फ) त्यांनी अनेक विजेतेपदे संपादन केली, ज्यांत २०१९ ची हंगामाखेरची जमशेदपूरची टाटा स्टील स्पर्धा प्रमुख होय.

ऑलिंपिकच्या पुरुष गटात (पहा : ऑलिंपिक सामने) जागतिक क्रमवारीवरून अवघे ६० खेळाडू दाखल होतात आणि प्रत्येक देशाच्या वाट्याला सामान्यतः दोनच जागा येतात. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिजो यांनी माघार घेतल्याने ऐन वेळी रिक्त झालेली जागा २०२१ मध्ये माने यांना मिळाली. ऑलिंपिकची गोल्फ स्पर्धा झालेल्या कासुमिगासेकीच्या, ७१ फटके प्रमाण असलेल्या मैदानावर पहिल्या दिवशी त्यांना ७६ फटके लागले; तथापि दुसऱ्या दिवशी ६९ वर येऊन त्यांनी खेळ सावरला, ही त्यांच्या कारकीर्दीतील विशेष उल्लेखनीय बाब आहे. अंती ते छप्पन्नाव्या, तर सहकारी अनिर्बान लाहिरी (पहा) बेचाळिसाव्या स्थानी राहिले.