अब्बास यांचा हरलेला खटला

कायदा कलेचा गळा धरतो की तिची पाठराखण करतो? याचं उत्तर शोधताना ख्वाजा अहमद अब्बास यांचा खटला जरूर पाहावा.

‘आवारा’ आणि ‘श्री ४२०’ लिहिणाऱ्या अब्बास यांनी १९६८ साली ‘चार शहर एक कहानी’ हा छोटा माहितीपट काढला. कलकत्ता, मुंबई, मद्रास आणि दिल्लीतली श्रीमंती व गरिबी त्यात समोरासमोर होती. मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्यंही होती. सेन्सॉर बोर्डाने ‘फक्त प्रौढांसाठी’ असा शिक्का मारला. केंद्र सरकारकडे अपील केल्यावर उत्तर आलं, ती दृश्यं कापा, मग सर्वांना दाखवा.

अब्बास सुप्रीम कोर्टात गेले. सुनावणी सुरू असतानाच सरकारने काहीही न कापता ‘यू’ प्रमाणपत्र द्यायची तयारी दाखवली. दुसरा कुणी असता तर तिथेच थांबला असता. अब्बास यांनी मात्र अर्जात दुरुस्ती करून प्रदर्शनापूर्वीच्या सेन्सॉरशिपलाच आव्हान दिलं.

२४ सप्टेंबर १९७० रोजी सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांनी निकाल दिला. हिदायतुल्ला साहेबांची वकिली नागपुरातली, पुढे तिथल्याच हायकोर्टाचे ते मुख्य न्यायाधीश झाले. सिनेमा इतर कलांपेक्षा मनाला अधिक थेट भिडतो, म्हणून त्याची आधी तपासणी करणं घटनेत बसतं, असं कोर्टाने ठरवलं. अब्बास हरले.

पण त्याच निकालात कोर्टाने बजावलं की, लैंगिकता म्हणजे अश्लीलता नव्हे आणि कात्री चालवताना कलेचं मोल पाहिलंच पाहिजे. बोर्ड नेमणारं सरकार आणि अपील ऐकणारंही सरकारच, ही पद्धत बदलून स्वतंत्र न्यायाधिकरण आणू, असं आश्वासन सरकारला द्यावं लागलं. ते यायला १९८३ साल उजाडलं. पुढे ‘बँडिट क्वीन’ला याच न्यायाधिकरणाने प्रौढांसाठी मंजुरी दिली आणि १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली.

एप्रिल २०२१ मध्ये एका अध्यादेशाने हे न्यायाधिकरण बरखास्त झालं. आता बोर्डाचा निर्णय पटला नाही तर थेट हायकोर्ट गाठावं लागतं. मोठ्या निर्मात्याला ते झेपेल. दोन रिळांचा माहितीपट काढणाऱ्याने वकिलाची फी कुठून आणायची? अभिव्यक्तीचा हक्क कलम १९ मध्ये जसाच्या तसा लिहिलेला आहे, पण तो मागायला जाण्याची वाट लांब आणि महाग झाली आहे.