काळूबाईची वाट

मांढरदेवच्या काळूबाईला आजी पहिल्यांदा गेली ती लग्नाच्या वर्षी, सासूबरोबर. पौषातली पौर्णिमा म्हणजे कडाक्याची थंडी. बैलगाड्या पायथ्याला सुटायच्या, बैलांपुढे वैरण टाकून एखाद्या म्हाताऱ्याला राखणीला ठेवायचं आणि बाकीच्यांनी चढणीला लागायचं. देऊळ डोंगरमाथ्यावर, साडेचार हजार फुटांहून उंच. लहान पोरं खांद्यावर, बायकांच्या डोक्यावर नैवेद्याच्या पाट्या. दम लागला की माणूस कडेला दगडावर टेकायचा, पाणी प्यायचा, पुन्हा उठायचा. आजीला तिच्या सासूनं दिलेली ताकीद शेवटपर्यंत पाठ होती: "पुढच्याच्या टाचंकडं बघून चालायचं, देवळाकडं न्हाई. आन् उतरत्या माणसाला आधी वाट द्यायची. त्याचं दर्शन झालंय, त्याला घरी जाऊ दे."

लहानपणी मला यात फक्त भक्ती दिसायची. आज त्यात गर्दीचं शहाणपण दिसतं. चढणीला ज्याला दम लागतो तो बसतो, आणि तो बसला की मागचाही मागेच राहतो. माणसं देवळाशी पोचायची ती तुटक तुटक, रात्रभर आणि दिवसभर. गर्दी विरळ ठेवायचं काम ती वाट करत होती. त्यासाठी कुणी हुकूम काढला नव्हता.

मग घाटात मोटारी आल्या. वाईकडून आल्या, भोरकडूनही आल्या. माझे एक चुलत आजोबा एसटीत चालक होते, जत्रेच्या जादा गाड्या त्यांनी बरीच वर्षं नेल्या. ते म्हणायचे, "आधी माणूस दमून पोचायचा, आता घाईनं पोचतोय. दमल्याला धक्का मारायचं बळ नसतं गं पोरी." गाड्यांमागे जीप आल्या, ट्रक आले. म्हाताऱ्यांना आणि लेकुरवाळ्यांना दर्शन सोपं झालं, हे चांगलंच झालं. जुन्या हालअपेष्टांचं कौतुक मला करायचं नाही. पण वाटेनं सोडलेलं काम दुसऱ्या कुणी उचललं नाही. माणसं हजारोंनी एकदम वर येऊ लागली आणि देवळाच्या पायऱ्या होत्या तेवढ्याच राहिल्या.

25 जानेवारी 2005. शाकंभरी पौर्णिमा, वार मंगळवार, आणि दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिनाची सुट्टी. देवीची तिथी, देवीचा वार आणि नोकरदाराची सोय असं सगळं एका जागी आलं होतं. हे कुणापासून लपलेलं नव्हतं. घराघरात भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरात ते छापलेलं होतं. देवळाकडे जाणारी वाट अरुंद, बाजूला दुकानांची दाटी. फोडलेल्या नारळांच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. काही जण घसरले, त्यांच्यावर मागचे पडले. खालच्यांना वरचं दिसत नव्हतं, ते पुढे रेटतच राहिले. त्यात दुकानांना आगी लागल्या, गॅसच्या टाक्या फुटल्या. तीनशेच्या आसपास माणसं गेली. त्यांत बायका आणि मुलं फार होती.

त्या संध्याकाळी आमच्या घरात दूरदर्शनसमोर सगळे गप्प बसले होते. आजीनं एकच प्रश्न विचारला, "उतरायची वाट कुठली व्हती?" कुणापाशीच उत्तर नव्हतं.

चौकशीसाठी न्यायमूर्ती राजन कोचर यांचा आयोग नेमला गेला. आता यात्रेच्या आधी पशुबळी, नारळ फोडणं, तेल वाहणं, वाद्यं वाजवणं यांवर बंदीचे आदेश निघतात. काही भाविकांना हा देवीच्या मानावर घाला वाटतो. मला तसं मुळीच वाटत नाही. ज्या पायरीवर माणूस घसरून मेला, त्या पायरीवर नारळ न फुटणं हाच देवीचा मान आहे.

अशा दुर्घटनेनंतर आपण "लोक बेशिस्त होते" असं म्हणून मोकळे होतो, याचा मला मनापासून राग येतो. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहापेक्षा जास्त माणसं झाली की एकट्या माणसाच्या हातात काही उरत नाही. पूर आलेल्या नदीसारखी गर्दी स्वतःच हलू लागते. पुष्कळ जण पायाखाली तुडवले जाऊन नव्हे, तर उभ्या उभ्या छाती दाबली जाऊन, श्वास कोंडून मरतात. तिथे शिस्त कुणी आणि कशी पाळायची? शिस्त त्याआधी पाळायची असते, आणि ती परवानगी मागणाऱ्यानं आणि देणाऱ्यानं.

गणेशोत्सव मंडळाची चिटणीस असताना परवानग्यांचे अर्ज मी भरलेत. नगरपालिकेची मंडप परवानगी, पोलिसांचा ना हरकत दाखला, वाहतूक शाखा, अग्निशमन. मंडपाची लांबी-रुंदी किती, उंची किती, रस्ता किती फूट मोकळा सोडणार, ध्वनिक्षेपक किती वाजेपर्यंत. हे सगळं हवंच. पण आमच्या त्या अर्जात माणसांचा रकाना नव्हता. एका वेळी आत किती मावतील, येतील कुठून, जातील कुठून, आणि जास्त झाले तर त्यांना कुठे थांबवणार, हे कुणी विचारलं नाही. जत्रेचं तर आणखी अवघड. मंडपासाठी अर्ज करणारं मंडळ असतं. जत्रेला तिथीच माणसं बोलावते, मग अर्ज कुणी करायचा? म्हणून देवस्थान, ग्रामपंचायत, पोलीस आणि जिल्हाधिकारी यांना आधीच एकत्र बसावं लागतं. मांढरदेवच्याच वर्षी, डिसेंबर 2005 मध्ये, आपत्ती व्यवस्थापन कायदा संसदेत मंजूर झाला आणि जिल्ह्याच्या आपत्ती प्राधिकरणाचं अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे आलं. 2014 मध्ये राष्ट्रीय प्राधिकरणानं गर्दीच्या नियोजनाची मार्गदर्शिकाही काढली. कागद कमी नाहीत.

आणि गर्दीचं असं नियोजन आपल्याला परकंही नाही. माउलींच्या पालखी सोहळ्याची घडी एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी बसवली. ते आमच्या साताऱ्याकडचेच, आरफळचे. रथापुढे 27 दिंड्या, बाकीच्या रथामागे. प्रत्येकीला क्रमांक, प्रत्येकीची जागा ठरलेली. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदारानं दंड वर केला की सगळा तळ शांत होतो. एखाद्या दिंडीचे टाळ तरीही वाजत राहिले तर तिची काही तक्रार आहे असं समजायचं. चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतो. लाखोंच्या मेळ्यात तक्रार वरपर्यंत पोचायची सोय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. मांढरदेवच्या त्या पायऱ्यांवर, पुढे माणसं पडलीत हे शंभर पावलं मागच्याला कळवायची सोय नव्हती.

2027 साली नाशिकला पुन्हा सिंहस्थाची स्नानं आहेत. ऑगस्ट 2003 मध्ये त्याच नाशिकमध्ये चेंगराचेंगरीत 39 जण गेले होते. तिथली तयारी सरकार करील, तिच्यावर आपण लक्ष ठेवू. पण त्याआधी तुमच्या गावची जत्रा आहे, गल्लीतला गणपती आहे, दहीहंडी आहे. तुम्ही मंडळात असाल, देवस्थानच्या पंचांत असाल, तर अर्जासोबत एक साधा नकाशा जोडा: आत यायची वाट, बाहेर जायची वेगळी वाट, थोपवून धरायची जागा, रुग्णवाहिकेची जागा. नगरपालिकेनं मागितला नसला तरी जोडा. आणि बाहेर जायची वाट त्या नकाशावर दाखवता येत नसेल, तर त्या जागी कार्यक्रम घेऊ नका.