कोण म्हणून बोलायचे? : अ‍ॅनिमेशनपटातील स्व-संकल्पना आणि परस्परसंवाद

स्वतःविषयीची समजूत माणूस घरून तयार करून आणतो आणि चारचौघांत ती फक्त बोलून दाखवतो, असे आपण सहसा धरून चालतो. संज्ञापनाच्या अभ्यासकांना हे पुरेसे वाटत नाही. चार्ल्स कूली या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच याचे तीन टप्पे सांगितले. समोरच्याला आपण कसे दिसत असू, हे आपण मनाशी चितारतो. त्यावर त्याचे मत काय होत असेल, याचा अंदाज बांधतो. आणि त्या अंदाजातून आपल्याला अभिमान वाटतो किंवा लाज. जॉर्ज हर्बर्ट मीड यांनी पुढे दाखवले की मूल खेळता खेळता दुसऱ्यांच्या भूमिका घेते आणि त्यातूनच स्वतःकडे बाहेरून पाहायला शिकते. कार्ल रॉजर्स यांनी लक्ष वेधले ते आपण स्वतःला जसे समजतो आणि जसे व्हावेसे वाटते, त्या दोहोंतल्या अंतराकडे. तिघांचे मार्ग वेगळे असले तरी एक गोष्ट समान आहे : ‘मी’ची घडण संवादात होते. या अभ्यासक्षेत्रात नव्याने येणाऱ्या मराठी वाचकाचे स्वागत करताना हेच सूत्र हाती द्यावेसे वाटते.

मग अ‍ॅनिमेशनपटच का? एक तर तिथे काहीच आपोआप घडत नाही. नटाच्या चेहऱ्यावर नकळत आठी उमटू शकते. रेखाटलेल्या पात्राच्या कपाळावरची आठी कुणीतरी ठरवून काढलेली असते. दुसरे म्हणजे पात्राचा देह एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा असतो. डिस्नेच्या ‘द जंगल बुक’मधला (१९६७) वाघ शेरखान रेखाटला मिल्ट काल यांनी, त्याला आवाज दिला जॉर्ज सँडर्स यांनी. पात्राचे ‘मी’पण अनेकांच्या हातून घडते, हे सिद्धान्तात वाचायचे वाक्य इथे कामाची पद्धतच असते.

याच चित्रपटापासून सुरुवात करण्याला रायपूरपुरते एक स्थानिक कारणही आहे. किपलिंगच्या १८९४ च्या मूळ पुस्तकातले, लांडग्यांत वाढलेल्या मोगलीचे जंगल सिवनीच्या टेकड्यांतले आहे आणि त्यातली नदी आपली वैनगंगा आहे. सिवनी जिल्ह्यात उगम पावून ती भंडारा, गडचिरोलीकडे मराठी मुलखात उतरते. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, त्याची राजधानी नागपूर होती. सिवनी आणि रायपूर दोन्ही त्याच प्रांतात होती. रायपूरच्या विद्यार्थ्याला हे जंगल परके नाही. शिवाय नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर आलेल्या जपानी मालिकेने मोगलीला घरोघरी नेले. तिच्या हिंदी रूपात शेरखान नाना पाटेकरांच्या आवाजात बोलत होता.

वुल्फगँग राइथरमन दिग्दर्शित या चित्रपटात मोगली ज्याच्याशी बोलतो त्याच्यासारखा होऊ पाहतो. हत्तींची कवायत दिसताच तो पिल्लामागे चार पायांवर चालू लागतो. कर्नल हाथी तपासणीला येतो, त्याला सोंड दिसत नाही आणि क्षणात रांगेतला जवान ‘माणसाचे पिल्लू’ ठरतो. कूलीचे तिन्ही टप्पे इथे एका प्रसंगात सापडतात. बल्लू अस्वल भेटल्यावर मोगली गुरगुरायला शिकतो. आणि बल्लू ते मनापासून दाद देऊन स्वीकारतो, म्हणून ते नाते टिकते. अनुकरण दोन्हीकडे आहे, पण समोरच्याच्या प्रतिसादाने एकीकडे लाज पदरी पडते, दुसरीकडे आपलेपणा.

सर्वांत अभ्यासण्याजोगा प्रसंग वानरराजा लुईचा. मूळ पुस्तकात माकडांना राजाच नाही. तो चित्रपटाने घातला. लुईला माणूस व्हायचे आहे, मोगलीला माणूस व्हायचे नाही. लुई जंगलात राहू देण्याचे आमिष दाखवून अग्नीचे रहस्य मागतो आणि मोगलीला ते ठाऊकच नाही. लुईच्या स्वप्नाला मोगली माणूस असणे गरजेचे आहे, म्हणून तो मोगली काय म्हणतो ते ऐकूच शकत नाही. दोघे मिळून नाचतात तेव्हा सूर जुळल्यासारखा दिसतो, पण संवाद झालेला नसतो. रॉजर्स सांगतात ते अंतर एका पात्राच्या मनापुरते राहत नाही. ते समोरच्याच्या ‘मी’चाही ताबा घेऊ पाहते.

बल्लूची अडचण निराळी. तो स्वतःला बेफिकीर सवंगडी समजतो. रात्री काळा बिबट्या बगीरा त्याला पटवतो की मुलाला माणसांत पोचवायला हवे, आणि सकाळी त्याला पालक म्हणून बोलावे लागते. ती भूमिका त्याच्या अंगवळणी नाही. तो आडवळणे घेत राहतो, शब्द सापडत नाहीत, आणि विश्वासघात झाला असे समजून मोगली पळून जातो. इथे हेतू चांगला आहे, मायाही आहे. कोण म्हणून बोलायचे हे मात्र ठरलेले नाही.

शेरखानासमोर मोगली प्रथमच कुणाची नक्कल करत नाही. त्याला खरा ‘मी’ सापडला, असा निष्कर्ष काढण्याचा मोह इथे होतो. पण शेवटी गावातली मुलगी मुद्दाम घडा पाडते, तो उचलून मोगली तिच्यामागे निघतो आणि पुन्हा एक नवे अनुकरण सुरू होते. चित्रपट ‘मी’ला पूर्णविराम देत नाही, हे मला त्याचे बळ वाटते.

रायपुरात या विषयाला आणखी एक धार येते. इथल्या अनेक मराठी घरांतली मुले आजीशी मराठीत, बाजारात छत्तीसगढीत आणि शाळेत हिंदीत बोलतात. प्रत्येक भाषेत थोडा वेगळा ‘मी’ बोलतो, हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही. या शहराला त्याची परंपराही आहे. मातृभाषा मराठी असलेल्या माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. रायपूरचे वामन बळीराम लाखे त्यात त्यांच्यासोबत होते. सप्रे यांनी ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले आणि १९२६ मध्ये रायपुरातच त्यांचे निधन झाले. दोन भाषांत स्वतःला उभे करणे ही इथे उणीव मानली गेली नाही. त्यातून पत्रकारिता घडली. कुशाभाऊ ठाकरे पत्रकारिता व जनसंचार विद्यापीठ ज्या शहरात आहे, तिथल्या विद्यार्थ्यांनी हे आपले भांडवल ओळखावे.

काही पथ्ये मात्र पाळायला हवीत. मोगलीला मन नाही. रेषा, आवाज आणि पटकथा आहे. त्यामुळे पात्राचे मानसिक निदान करत बसू नये, दृश्यात दिसते आणि ऐकू येते त्यावरच बोलावे. डबिंगमध्ये संबोधन बदलले की नातेही बदलते, तेव्हा कोणत्या भाषेतली प्रत पाहिली हे नोंदवावे. किपलिंगची वसाहतवादी नजर आणि चित्रपटातले बाईपणाचे तोकडे चित्र, दोन्ही विसरू नयेत. आणि एकाच चित्रपटावर थांबू नये. ‘श्रेक’मध्ये (२००१) राक्षस स्वतःला कांद्यासारखे पदर असल्याचे सांगतो, अल्टमन आणि टेलर यांचा १९७३ चा जवळीक वाढण्याविषयीचा सिद्धान्त वर्गात समजावतानाही कांद्याचाच आधार घेतला जातो. दोन्ही शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

वाचकहो, सुरुवात सोपी आहे. आवडता एक प्रसंग निवडा. तो आधी आवाज बंद करून पाहा, मग डोळे मिटून नुसता ऐका, शेवटी दोन्ही एकत्र अनुभवा. कोण कुणाला काय म्हणून हाक मारतो, कुणाचा देह कुणासमोर बदलतो आणि कुणाचे बोलणे ऐकलेच जात नाही, एवढे लिहून काढा. सिद्धान्त त्यानंतर वाचा. ते तुम्हाला अधिक कळतील. आणि जे लिहाल ते मराठीत लिहा, कारण या विषयावर मराठीत लिहिणाऱ्यांची गरज मोठी आहे.